असू द्या

महालातल्या छापखान्यात मी प्रुफं तपासतो.
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कुणाच्या तेरवीचा कागद.
चुकलेल्या अक्षराभोवती गोल, समासात खूण.
आणि घाईत खोडलेलं बरोबर निघालं
तर त्याखाली टिंबं देऊन लिहायचं: असू द्या.
एकवीस वर्षं हेच.

मागच्या फाल्गुनात शाल्मलीच्या नडग्यांवर
ठिपके आले, जांभळट लाल.
काचेचा पेला दाबून पाहिला. विझले नाहीत.
नाव ठेवताना काटेसावर मनात होती,
बिनपानांच्या फांदीवरचा तो रंग.
तो असा उमलेल हे कुणाच्या ध्यानात येणार?

मग रोज रात्री दात घासून झाले की
ती पाय माझ्या मांडीवर टाकायची
आणि मी प्रत्येक ठिपक्याला निळ्या बॉलपेनाने गोल करायचो.
सकाळी गोलाबाहेर जे दिसेल ते नवं.
त्रेचाळीस. एकोणसाठ.
घोटे सुजले, पोटदुखीने ती गुडघे छातीशी घेऊन पडायची
आणि विचारायची, बाबा, आज किती चुका?
तुझ्या नाहीत गं, मी म्हणायचो.

कुणाच्या मग?
धंतोलीच्या लोखंडवाला डॉक्टरबाईंनी समजावलं,
ते मी माझ्या भाषेत लिहून घेतलं:
पडसं येऊन गेलं, पहारेकरी जागे झाले
आणि परक्याला शोधता शोधता
घरच्याच बारीक नळ्यांवर खुणा करत सुटले.
म्हणजे अतिउत्साही प्रुफरीडर.
असा एक आमच्याकडे होता, मालकांनी त्याला काढलं.
शरीरातून कुणाला काढणार?

ठिपके गेले. दर महिन्याला लघवी तपासतो,
पट्टी पिवळीच्या पिवळी.
आता मार्गशीर्ष. अधिवेशनाचे बॅरिकेड लागले,
तिच्या वर्गातली अकरा पोरं तापाने झोपलेली
आणि शाळेची चिठ्ठी: फ्लूची लस, पालकानी ठरवावे.
(अनुस्वार नाही. सवयीने गोल केला.)

पालकांना ठरवता येईना.
हेडाऊकाकू गच्चीवरून: "काऊन टोचता बाप्पा,
आधीच पोरीचं रक्त कातडीखाली निंगते!"
साळा म्हणाला, अंड्यापासून बनते म्हणे,
अन् हिला ॲलर्जी, आजाराच्या नावातच आहे.
बायको काहीच बोलली नाही.
तो पेला काढून ओट्यावर ठेवला.

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही, ते मला आवडलं.
"नावातली ॲलर्जी अंड्याची नाही.
लशीनंतर ठिपके आल्याच्या नोंदी आहेत, थोड्या.
लशीमुळेच आले का, सांगणं अवघड.
खरा फ्लूही पहारेकऱ्यांना उठवू शकतो,
आणि तो चिठ्ठी पाठवून येत नाही.
हिचा आजार सात-आठ महिने शांत आहे.
माझी मुलगी असती तर दिली असती.
हमी मात्र मागू नका."

हमी आमच्या धंद्यात तरी कुठे असते?
शेवटच्या प्रुफावर सही होते, पाचशे पत्रिका छापून येतात
आणि नवरदेवाचं आडनाव चुकलेलं निघतं.
तरी सही करावीच लागते.
कोरा कागद घेऊन कुणी आवतण देत नाही.

मंगळवारी दिली.
सुई, कापूस, अर्धा तास बाकावर.
ती समोरच्या पाट्यांमधल्या चुका शोधत बसली.
दोन सापडल्या.

रात्री हाडं गोठवणारी थंडी. दंड दुखतो म्हणाली.
पाय मांडीवर. पेनाचं टोपण काढलं.
नडग्या कोऱ्या.
डास चावलेला एक, खाजवून लाल केलेला.
पेल्याखाली विझला.
तिने माझ्या हातातून पेन ओढलं,
दंडावर टोचलं तिथे, सुईच्या टिंबाशेजारी,
वाकड्या अक्षरात लिहिलं:
असू द्या.

बायको हसली, कितीतरी दिवसांनी.
पेला ओट्यावरच आहे.
सकाळी परत पाहायचं आहे.